बर्फावरून घरंगळत गेलेलं संत्रं

याकुझांच्या, म्हणजे जपानी गुंडटोळ्यांच्या सिनेमांत प्रेम नसतंच, असं परवा एका मैत्रिणीनं अगदी ठामपणे सांगितलं. तलवारी, गोंदलेल्या पाठी, छाटलेली करंगळी, संपलं. तिच्याशी फोनवर वाद घालताना मला नीट मांडता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

१९६८ ते १९७२ या काळात तोएई स्टुडिओनं ओर्यू नावाच्या जुगारी बाईवर आठ सिनेमे काढले. भूमिका जुन्को फुजीची. बापाचा खून होतो, ठरलेलं लग्न मोडतं, आणि ही मुलगी खांद्यावर तांबडं पिओनीचं फूल गोंदवून घेऊन या दुनियेत उतरते. बाई म्हणून जगणं सोडलं, असं ती स्वतःच ठरवून टाकते. मालिकेतला सहावा सिनेमा १९७० चा, 'ओर्यू सानजो', दिग्दर्शक ताई कातो. हा माणूस कॅमेरा इतका खाली लावायचा की त्यासाठी जमिनीत खड्डा खणायला लावायचा!

त्यात इमादो पुलावरचा निरोपाचा प्रसंग आहे. बर्फ पडतंय. नायक (नट बुंता सुगावारा) बहिणीच्या अस्थी घेऊन गावी निघालाय. ओर्यू त्याला वाटेसाठी खायला देते, सोबत संत्री. एक संत्रं निसटतं आणि पांढऱ्या बर्फावरून घरंगळत जातं. पडद्यावर तेवढाच काय तो भडक रंग. प्रेमाचा एक शब्द नाही, मिठी तर लांबच. मी तो प्रसंग किती वेळा पाहिला असेल, दर वेळी त्या संत्र्यापाशी डोळे भरून येतात.

का बोलत नाहीत ही माणसं? कारण मध्ये 'गिरी' उभी असते. एका रात्रीचा आसरा आणि एक वेळचं जेवण दिलं, एवढ्यावर जुगारी त्या घराचा ऋणी होतो आणि वेळ आली तर त्या घरासाठी मरतो. आपण खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतो, तेच. समोर असते 'निंजो', म्हणजे माणसाच्या आतली ओढ. ओढ जितकी खरी, तितकं तिला दाबून ठेवणं जीवघेणं.

पण एक गोष्ट मला सलते. यातल्या बहुतेक सिनेमांत बाई दारात उभी राहते आणि पुरुष पाठ फिरवून जातो. सेइजुन सुझुकीच्या 'टोकियो ड्रिफ्टर'मध्ये (१९६६) नायक गाणाऱ्या मुलीला शेवटी सोडूनच जातो. रंग अफाट आहेत, पण त्या मुलीचं काय, हे कुणी विचारतच नाही. ओर्यू मला म्हणूनच मोठी वाटते. तिथे गिरी तिच्याही डोक्यावर आहे. ती नुसती वाट बघत बसत नाही.

आणि पुरुषांचं प्रेम? 'शोवा झांक्योदेन' मालिकेत केन ताकाकुरा आणि र्‍यो इकेबे हे दोन नट शेवटच्या लढाईला सोबत चालत जातात. या चालण्याला जपानी रसिक 'मिचियुकी' म्हणतात. हा शब्द जुन्या जपानी रंगभूमीवरचा. नाटककार चिकामात्सुच्या १७०३ सालच्या 'सोनेझाकी शिंजू' या बाहुलीनाट्यात दोन प्रेमिक एकत्र जीव द्यायला निघतात, तो शेवटचा प्रवास म्हणजे मिचियुकी. प्रेमिकांचा शब्द या दोघांना दिला गेला, यातच सगळं आलं.

हाच इकेबे त्याआधी मासाहिरो शिनोदाच्या 'कावाइता हाना'त (१९६४) होता. माझ्या मते याकुझा सिनेमातली सगळ्यात खोल प्रेमकथा ही. खून करून तीन वर्षं तुरुंगात काढलेला मुराकी, आणि जुगाराच्या अड्ड्यावर निर्विकार चेहऱ्यानं हजारो येन हरणारी साएको. पत्ते आपटल्याचा आवाज आणि तोरू ताकेमित्सुचं संगीत यांतच त्यांची जवळीक घडते. पोलिसांची धाड पडते तेव्हा दोघं एका पांघरुणात शिरून प्रेमिक असल्याचं सोंग करतात, आणि तिथेही काही होत नाही. तिला थरार हवा असतो. तो तिला द्यायला त्याच्याकडे एकच गोष्ट उरते: मी माणूस मारताना बघ. ती येते, बघते. मागे इंग्रज संगीतकार परसेलचा ऑपेरा वाजत असतो. अंगावर काटा येतो, तरीही मी त्याला प्रेमच म्हणेन. त्याच्याकडे दुसरं काही नव्हतंच.

पुढे तुरुंगात त्याला कळतं की साएकोचा खून झालाय. ती खरी कोण होती हे शोधून काढलंय, असंही सांगणारा सांगतो. मुराकीला त्यानं काही फरक पडत नाही. ती मेली आहे, आणि त्याला अजून तीच हवी आहे.