प्रदर्शनीय सामना

आज सकाळी एसटी स्टँडवर बॅनर वाचला आणि डोकं जे फिरलं ते अजून जाग्यावर नाही. आमच्याच गावच्या रात्रकालीन कबड्डीचा बॅनर. पहिलं बक्षीस 51 हजार, दुसरं 31 हजार, बेस्ट रेडरला सायकल, आणि सगळ्यात खाली नेत्यांच्या फोटोंच्या पायाशी बारीक अक्षरात लिहिलंय, महिलांचा प्रदर्शनीय सामना, विजेत्या संघास प्रेशर कुकर. सात पोरी खेळतील आणि एक कुकर घेऊन घरी जातील!

बाप्पा, हेच पोट्टे 2025 च्या 2 नोव्हेंबरला मध्यरात्री चौकात नाचत होते ना? हरमनप्रीतच्या टीमनं नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला 52 रननी हरवून वर्ल्ड कप घेतला तेव्हा यांनी दिवाळीचे उरलेले फटाके फोडले, तिरंग्याचे स्टेटस ठेवले. टीव्हीवरच्या पोरी देशाच्या, गावातल्या पोरी कुकरच्या?

मला आमची ताईच आठवली. 1996 ची गोष्ट. ताई रेडर होती, उजवी चढाई, आणि पाय असा लांबवायची की समोरच्याला कळायच्या आत बोनसची लाइन ओलांडून जादा पॉइंट घेऊन परत. हाफ पँट विकत मिळत नव्हती आमच्याकडे, म्हणून तिनं दादाची शाळेची जुनी खाकी पँट गुडघ्यावर कापली आणि शेजारच्या काकूच्या मशीनवर टीप मारून घेतली. तेवढी एकच होती, रात्री धुवायची आणि सकाळी ओलीच घालायची. जिल्ह्यातून निवड झाली, अमरावतीला विभागाचे सामने खेळून आली, आणि टीमचा फोटो पेपरात आला.

तो फोटोच नडला. मोठे बाबा ओट्यावर पेपर घेऊन बसले होते, म्हणाले, "पोरीचे पाय साऱ्या गावाले दाखवले, आता सोयरीक कोन करन?" बाबा खाली मान घालून बसले. आईनं ती पँट गव्हाच्या कोठीमागं टाकली. अक्षय तृतीयेच्या आधी ताईचं लग्न लागलं होतं.

प्रदर्शनीय या शब्दाचाच मला राग येतो. आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक 1936 ला बर्लिन ऑलिंपिकमध्ये कबड्डी दाखवून आलं, ते आपण छाती फुगवून सांगतो, सांगायलाच पाहिजे. पण ते फक्त दाखवणंच होतं, मेडल नाही. 1982 ला दिल्ली एशियाडमध्ये परत प्रदर्शनीयच. मेडलची कबड्डी आली 1990 ला बीजिंगमध्ये, तीही पुरुषांची. बायकांची कधी आली? 2010 ला, ग्वांगझूमध्ये. वीस वर्षांनी! म्हणजे ताई ती ओली पँट घालून चढाई करत होती तेव्हा पुरुषांना एशियाड उघडून सहा वर्षं झाली होती आणि तिच्यासाठी अजून चौदा वर्षं बाकी होती. मोठ्या बाबांनी अडवलं नसतं तरी पोरगी गेली कुठं असती?

आणि 2023 ला हांगझू एशियाडमध्ये भारताचं शंभरावं मेडल कोणी आणलं? पोरींच्या कबड्डीनं. चायनीज तैपेईला 26-25 नं हरवून, एका पॉइंटनं सोनं!

सगळीकडे तेच आहे. 1952 चं हेलसिंकी म्हटलं की खाशाबा जाधव आठवतात, आठवायलाच पाहिजेत, पण त्याच ऑलिंपिकला स्वतंत्र भारताच्या पहिल्या चार पोरी गेल्या होत्या, नीलिमा घोष, मेरी डिसूझा, डॉली नाझीर, आरती साहा. आरती तर अकरा वर्षांची होती, पाचवी-सहावीतलं लेकरू! सांगा आपल्या गावात कोणाला माहीत आहे ही नावं. बायकांचं वेटलिफ्टिंग ऑलिंपिकमध्ये आलंच 2000 ला आणि त्याच वर्षी मल्लेश्वरीनं ब्राँझ आणलं, भारतीय बाईचं पहिलं ऑलिंपिक मेडल. दार उघडलं की पोरी आत जातातच, उघडतच नाहीत लोक.

बरं, मंडळाची बाजू पण मला माहीत आहे. वर्गणी कमी जमते, सोयाबीन घरात येऊनही कोणाजवळ पैसा नाही, आणि मुलींच्या टीम खरंच कमी येतात. मान्य. पण बक्षीसच कुकर ठेवलं तर दुसऱ्या गावची टीम गाडीभाडं खर्च करून येईल कशाला?

मघाशी रागात लिहायला घेतलं होतं, मध्येच ताईला फोन लावला. वेचणीला गेली होती, मागून बायकांचा आवाज येत होता. मला वाटलं तीही चिडेल. तिनं कुकरचं सगळं ऐकून घेतलं, थोडी थांबली आणि म्हणाली, "ग्राउंड मातीचं आहे का मॅटचं?" मी म्हटलं मातीचंच, शाळेमागचं. म्हणे, मग चुन्याची लाइन नीट मारायला सांग, बोनसची लाइन लोक हमेशा चुकवतात.

47 वर्षांची आहे ती. गुडघ्यावर अजून तेव्हाचा पांढरा वण आहे.

संध्याकाळी मंडळाच्या अध्यक्षाकडे जाऊन आले. महिलांच्या पहिल्या बक्षिसाचे 11 हजार मी देते म्हटलं, कापसाचे पैसे आले की, पण बॅनरवरून प्रदर्शनीय शब्द काढा आणि निदान चार टीमचे सामने लावा. विचार करून सांगतो म्हणाला. उद्या परत जाणार आहे. ज्यांच्या गावात पोरींची टीम आहे त्यांनी मला फोन करा, जेवणाची आणि मुक्कामाची सोय आमच्या घरी. ताई येते आहे.