फटफटीचं गाऱ्हाणं

आमच्या वाडीत घरं सतरा. "जेवायला चला" म्हणून दिवसा तीनदा हाक मारली तरी ज्या म्हाताऱ्यांना ऐकू येत नाही, त्या सगळ्यांना पहाटे पावणेपाचला माझी बुलेट मात्र लख्ख ऐकू येते. नुसती ऐकू येत नाही, समजतेसुद्धा. "आज पाचव्या किकेक लागली," असं कोणीतरी संध्याकाळी पारावर मला सांगतं. माझ्या किका मोजणारा हा माणूस पहाटे अंथरुणात असतो, आणि झोप मोडली म्हणून तक्रारही त्याचीच असते.

गाडी काकांची. १९८६ सालची, मुंबईहून त्यांनी स्वतः चालवत गावी आणलेली. एक सिलिंडर, ३४६ सीसी. पिस्टनचा व्यास ७० मिलिमीटर आणि धाव ९०, म्हणजे अंगाने बेताची आणि उंचीने जास्त, आमच्या माडासारखी. त्यात हे एवढं जड चक्र आत फिरतं, म्हणून गाडी सावकाश आणि मोजून ठोके देते. हौशी लोक त्या ठोक्यावर जीव टाकतात. त्यांनी ते खुशाल टाकावेत, ते आमच्या आबांच्या खिडकीखाली राहत नाहीत.

पहाटे उठायचं कारण मासे. बायको घरगुती खानावळ चालवते, आणि पर्यटकाला दुपारी एक वाजता सुरमई दिसली नाही तर तो मालवणी आदरातिथ्याबद्दल शंका घेतो. आम्ही मालवणपासून आचऱ्याच्या बाजूला, किनाऱ्यालगत. बंदरावर वेळेत पोचलं तर मासळी, उशीर झाला तर उरलेला बांगडा आणि बायकोचा चेहरा.

आता ही गाडी चालू करणं म्हणजे बटण दाबणं नव्हे. आधी पेट्रोलचा कॉक उघडायचा. चोक ओढायचा. मग किक अगदी हलक्या पायाने खाली न्यायची आणि टाकीच्या पुढच्या त्या इवल्याशा ॲमीटरच्या काट्यावर नजर ठेवायची. काटा मध्यावर आला, की सिलिंडरमध्ये कोंडलेला दाब सोडणारं डावीकडचं डिकॉम्प्रेशनचं लिव्हर दाबून किक आणखी जराशी पुढे सरकवायची, लिव्हर सोडायचं, किक वर घ्यायची, देवाचं नाव घ्यायचं आणि मारायची. यातलं काही चुकलं तर किक उलटी येते आणि नडगीवर बसते. पहाटेच्या अंधारात मी जे ओरडतो त्याचीही वाडीत नोंद आहे, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि गाडी लागल्यावर खरा प्रश्न सुरू होतो. काकांनी मला गाडीबरोबर एक मंत्र दिला होता: "सिलिंडरला हात लावून चटका बसेपर्यंत गाडी हलवायची नाही." मी आठ वर्षं तो पाळला. दहा मिनिटं गाडी घरापुढच्या खळ्यात उभी, चोक अर्धा, मी शेजारी. मधून मधून विझते की काय वाटलं तर थोडी रेस. त्या दहा मिनिटांत सतरांतल्या सहा-सात घरांतले दिवे एकेक करून लागायचे. पहिला आबांचा.

आबा नात्याने माझे कोणी नाहीत, पण वाडीत वयाने सगळ्यांत मोठे, म्हणून सगळ्यांचे आबा. त्यांची तक्रार झोपेची कधीच नव्हती. "माका काय, माका झोप नायच," असं म्हणून ते मुद्द्यावर येत. त्यांची म्हैस पान्हा चोरते, माझ्या गाडीमुळे. पलीकडच्या काकींची कोंबडी खुडूक होऊन अंड्यांवर बसली होती, तेरांतली नऊ अंडी फुकट गेली, माझ्या गाडीमुळे. पौषात ढगाळ वारं आलं, तुडतुडा पडला आणि साऱ्या पंचक्रोशीतल्या हापूसचा मोहोर गळला. वाडीपुरता विचार केला तर तोही माझ्याच गाडीमुळे.

मी शिकलेला माणूस. म्हटलं, बघू तरी कायदा काय म्हणतो. तर २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. म्हणजे माझी पावणेपाचची पहाट ही सरकारदरबारी रात्रच. मोबाइलवर आवाज मोजायचं एक ॲप घेतलं आणि एका पहाटे गाडी चालू करण्याआधी खळ्यात धरलं. आकडा ५२. समुद्राची गाज, माडांची सळसळ आणि विहिरीजवळचा एक बेडूक मिळून कायदा आधीच मोडून बसले होते. मी हे आबांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. आबा म्हणाले, "समुद्र हंय आमच्या आधी इलो. तू कधी इलंस?"

यावर कोणत्याही ॲपमध्ये उत्तर नाही.

मग जागा बदलून पाहिल्या. परसात नेली तर गुरुजींच्या माजघराला लागून. गडग्यापलीकडे नेली तर काकींच्या न्हाणीपाशी, आणि पहाटे पाच वाजता मी तिथे का उभा असतो याची चर्चा गाडीच्या आवाजापेक्षा लांब गेली. शाळेच्या पटांगणात नेली तर जांभ्याच्या भिंतींवरून आवाज असा घुमला, की दोन गाड्या आल्या असं वाटून पलीकडची वाडीसुद्धा उठली. लोक गाडी उतारावर सोडून देतात आणि खाली गेल्यावर चालू करतात, हेही मला ठाऊक आहे. पण कोकणात घर खाली आणि रस्ता वर. आमची घाटी चढून रस्त्याला लागेपर्यंत रिकाम्या हातांच्या माणसाला धाप लागते.

जून आणि जुलै तेवढे शांततेचे. मासेमारी बंद, त्यामुळे पहाटेची फेरी बंद. पण पावसाळी दमट हवेत गाडी नुसती उभी राहिली तर खराब होईल म्हणून मी ती एक दिवसाआड पडवीत दहा मिनिटं चालू करून ठेवत असे. भर दिवसा, पावसाच्या आवाजात. तेव्हा कोणाची हरकत नव्हती. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या वर्षी वाडीच्या राखणेच्या नारळाला सगळे जमलो. आबा मानकरी, गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालायचा मान त्यांचा. नारळ ठेवला, आबांनी हात जोडले आणि सूर लावला.

"बा देवा म्हाराजा, रवळनाथा, बारा गावच्या बारा वहिवाटीच्या म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"आज ही सगळी लेकरा तुझ्या पायाकडे उभी आसत, त्यांका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ढोरागुरांका, झाडामाडांका बरकत दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या वाडयेत पहाटेक जी काय फटफट व्हता, ढोरा आटतत, मोहोर गळता, ती कायमची बंद कर रे म्हाराजा!"

आता गाऱ्हाण्याला एक लय असते. त्या लयीत माणूस अर्थ ऐकत नाही, थांबा ऐकतो. "व्हय म्हाराजा!" असं सगळ्यांत मोठ्याने म्हणणारा मी होतो. शेजारी उभ्या बायकोने कोपर मारलं तेव्हा कळलं.

देवासमोर शब्द गेला, म्हणून मी ठरवलं, की काही झालं तरी घाटी चढून गाडी रस्त्यावर न्यायची आणि वर, सड्यावर, जिथे फक्त कातळ आणि टिटव्या आहेत, तिथे तापवायची. पावणेदोनशे किलोच्या आसपासची गाडी. पुतण्याला पाव किलो कोळंबीच्या बोलीवर मदतीला घेतला आणि पहाटे साडेचारला, एक शब्द न बोलता, आम्ही गाडी खळ्यातून बाहेर काढली.

एक गोष्ट मी विचारातच घेतली नव्हती. वाडीतली कुत्री. त्यांना गाडीचा आवाज लहानपणापासून माहीत. त्या आवाजावर ती कान हलवत नाहीत. पण आवाज न करता अंधारातून सरकणारी गाडी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. पहिलं भुंकलं आबांचं, मग काकींची दोन, मग एकदम सगळी. चौथ्या घरापाशी पोचलो आणि पुतण्याचा पाय कोणाच्या तरी कळशीला लागला.

"चोर! चोर! गाडी व्हरतत रे!"

बॅटऱ्या आल्या, काठ्या आल्या, गुरुजी कोयता घेऊन आले आणि तो उलटा धरून उभे राहिले. गाडी खळ्यात तापत उभी असे तेव्हा सहा-सात घरं जागी होत. आज सतराच्या सतरा. एक म्हातारी तर कित्येक महिन्यांनी उंबऱ्याबाहेर आली होती.

"कोण रे तो?"

"मी आसंय," मी म्हणालो.

"स्वतःचीच गाडी चोरतंस?" आबांनी विचारलं.

खरं तर ही गाडी चोरायची तर चोराला आधी माझ्याकडे शिकवणी लावावी लागेल. हिचा गियर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या. पण ते सांगायची वेळ नव्हती. मी चोरी नव्हे, सौजन्य करत होतो, हे सगळ्यांना पटवायला वीस मिनिटं गेली. त्यात बंदरावरची वेळ टळली. मग कोणीतरी म्हणालं, "आता सगळीच उठली हत, तर ढकलूया." आणि ज्या गाडीने वाडीची झोप उडवली ती गाडी सगळ्या वाडीने मिळून घाटी चढवली. वर जाऊन किक मारली तर लागेना. इतक्या खटाटोपात कॉक उघडाच राहिला होता, पेट्रोल ओव्हरफ्लो. अकरा किका. लागली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तिने असा आवाज काढला की टिटव्या उठल्या. मलाही तो आवाज जरा वेगळा वाटला. फुटका.

त्याच दिवशी मेस्त्रीकडे गेलो. त्याने सायलेन्सरवर पान्याने टकटक केलं. लोखंड वाजायला हवं तिथे पापड मोडल्यासारखा आवाज आला, आणि खालून गंजाचा भुगा पडला, पसाभर.

"किती वेळ गरम करतंस?"

"दहा मिनिटं."

"कित्याक? हंय काय काश्मीर आसा?"

मग त्याने जे सांगितलं ते ऐकून मला आठ वर्षांची लाज वाटली. पेट्रोल जळलं की धुराबरोबर पाण्याची वाफ होते. एक लिटर पेट्रोलमागे जवळजवळ लिटरभर पाणी! गाडी पाच-दहा कोस धावली तर सायलेन्सर शेपटापर्यंत तापतो आणि ती वाफ बाहेर निघून जाते. उभ्या गाडीचं डोकं तापतं, शेपूट गारच. वाफ तिथे थिजते, पाणी साचतं, आतून गंज. म्हणजे दर पावसाळ्यात, पडवीत, एक दिवसाआड दहा मिनिटं मी प्रेमाने माझ्याच सायलेन्सरमध्ये पाणी भरत होतो. बाहेरून खारी हवा होतीच. ज्या आवाजासाठी वाडी माझ्या नावाने खडे फोडत होती, तो निम्मा आवाज गाडी गरम करून करून मीच तयार केला होता.

"मग गरम करायचीच नाही?"

"अर्धा मिनिट. ऑईल वरपर्यंत चढाक होया, बस. मगे चालवत जा, पण पयले दोन-तीन मैल रेस मारू नको." पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि सिलिंडर बिडाचा. ॲल्युमिनियम तापून जवळजवळ दुप्पट फुगतं. गार गाडी पिळली तर पिस्टन धरायचा, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसायचा धोका खरा, पण त्याला उपाय सावकाश चालवणं. चोक ओढून उभी ठेवली तर जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑईल धुऊन टाकतं ते वेगळंच. काकांचा मंत्र अर्धा बरोबर होता. त्यांनी "सावकाश" सांगायला हवं होतं, "उभी" सांगितलं. आणि मुंबईच्या चाळीत त्यांना शेजारी किती बोलत असतील, याचा मला आता अंदाज येतो.

नवा सायलेन्सर बसला. आता किक, तीस आकडे मोजायचे, पहिला गियर, आणि घाटीवरून हळूहळू, वरातीतल्या घोड्यासारखी गाडी वर. आबांचा दिवा लागेपर्यंत मी सड्यावर असतो.

आठवड्याने आबा खळ्यात आले. मला वाटलं, शाबासकी.

"बघलंस? देवान आयकल्यान."

मी मेस्त्रीचं नाव घेतलं. सायलेन्सरचं बिल दाखवलं. आबांनी ते लांब धरून वाचलं आणि परत दिलं.

"ह्या मेस्त्रीची बुद्धी कोणी दिल्यान? गाऱ्हाणा माझा, आयकल्यान देवान, पेट्रोल वाचला तुझा. मगे कोंबो कोणी देवचो?"

या हिशेबात मला चूक काढता आली नाही. आठवडी बाजारातून कोंबडा आणला. चांगला तुरेवाला, तांबडा. पण देवाला द्यायचा दिवस मानकऱ्यांनी पाच दिवसांनंतरचा काढला, म्हणून तोपर्यंत तो आमच्या खळ्यात, गडग्याच्या खुंट्याला बांधून ठेवला. गडग्याच्या पलीकडे आबांची खिडकी.

त्याला चोक लागत नाही. काटा मध्यावर यायची वाट बघावी लागत नाही. पहिल्याच रात्री पावणेचारला, एका किकेत, तो जो लागला तो उजाडेपर्यंत बंद झाला नाही. दुसऱ्या रात्री साडेतीनला. तिसऱ्या रात्री खिडकी उघडली आणि अंधारातून आबांचा आवाज आला.

"मेल्या, गाडी गरम करू नको म्हणान सांगलंय. पण ह्येका कधी गरम करतलंस?"