लॅपटॉपला भोकं पाडून तो थंड होत नसते बाप्पा

रविवारी भर दुपारी, नवतपा सुरू, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, अशात भाच्याचा फोन. "मामा, तुमच्याकडे ड्रिल मशीन आहे ना? अन् ८ एमएमचा बिट?" मी म्हटलं काऊन बे, भिंतीत काही ठोकायचं आहे का. तं म्हणते, "नाही, लॅपटॉपला भोकं पाडायची आहेत."

पोट्टा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नागपूरच्या त्रिमूर्ती नगरात वरच्या मजल्यावर खोली, स्लॅब दिवसभर अशी तापते की रात्री अकराला भिंतीला हात लावला तरी गरम. लॅपटॉप तीन वर्षं जुना, प्रोसेसर इंटेलचा आय फाइव्ह १२४५०एच अन् ग्राफिक्सची चिप आरटीएक्स ३०५०. गेम लावला की वीस मिनिटांनी अडकायला लागतो ही त्याची तक्रार खरी आहे, मी स्वतः पाहिलं. पण उपाय त्याला सापडला व्हॉट्सअपवर. एक व्हिडिओ अन् खाली लांबलचक मेसेज, "गेमिंग लॅपटॉप ३० डिग्री थंड अन् दुप्पट फास्ट, कंपन्या हे कधीच सांगणार नाहीत". आधी त्याच्या कॉलेजच्या ग्रुपवर, मग ताईच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर, अन् संध्याकाळपर्यंत आमच्या फॅमिली ग्रुपवर, जिथं एरवी फक्त गुड मॉर्निंगची फुलं येतात. एका काकांनी खाली अंगठा पण दाखवला, ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही.

मेसेजात सात गोष्टी आहेत. एक, मागच्या कव्हरला ४० भोकं पाडा. दोन, थर्मल पेस्टच्या जागी टूथपेस्ट लावा. तीन, आतल्या तांब्याच्या पाइपवर एक रुपयाची नाणी ठेवा. चार, बॅटरी काढून फेका अन् लॅपटॉप चार्जरवरच चालवा. पाच, खाली बर्फाची पिशवी ठेवा किंवा लॅपटॉप कूलरसमोर ठेवा. सहा, विंडोजमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्क्यांवर करा. सात, ८० डिग्रीच्या वर गेलं की चिप जळते.

सातव्यापासून सुरू करतो, कारण बाकीचे सहा त्याच भीतीवर उभे आहेत. इंटेलच्या साइटवर या प्रोसेसरचं पान आहे, कोणीही उघडून बघा. त्यात जंक्शन टेम्परेचर, म्हणजे चिपच्या आतलं कमाल तापमान, लिहिलं आहे १०० डिग्री. म्हणजे ज्यानं चिप बनवली तो स्वतः सांगून राहिला की १०० पर्यंत ही चालते, अन् १०० च्या जवळ गेली की ती स्वतःच वेग कमी करते. जळत नाही, हळू होते. भाच्याचा लॅपटॉप अडकतो तो याच्यामुळंच. त्याच पानावर टर्बोचा (म्हणजे भार आला की चिप थोडा वेळ वेग वाढवते त्याचा) कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ दिलाय, साधी पॉवर ४५ वॅट अन् टर्बोत ९५ वॅट. आता "दुप्पट फास्ट" कुठून आणणार? लॅपटॉप बर्फाच्या डोंगरावर नेऊन ठेवला तरी ४.४ च्या वर तो जाणार नाही. ग्राफिक्सचंही तेच, लॅपटॉपमधल्या ३०५० ला कंपनी ३५ ते ८० वॅटच्या मधला एक आकडा ठरवून देते अन् तो आकडा तिथंच राहतो. थंड केलं की तापल्यामुळं गेलेला वेग परत मिळतो, नवा मिळत नाही. हे एवढं जरी कळलं तरी अर्धा मेसेज कचऱ्यात जाते.

आता भोकं. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण याच्यात आग लागू शकते.

व्हिडिओत तो पोरगा लॅपटॉप उलटा करतो अन् कव्हर न काढता सरळ ड्रिल चालवतो. न काढता! अरे त्या कव्हरच्या खाली अर्ध्या भागात बॅटरी पसरलेली असते, हात टेकवतो त्या बाजूला. लिथियमच्या सेलमध्ये बिट घुसला की आतल्या आत शॉर्ट होते, अन् मग तो सेल स्वतःलाच तापवत जातो, शेजारच्यालाही पेटवतो, थांबवता येत नाही. अन् मेसेजात याबद्दल एक शब्द नाही. चौथ्या मुद्द्यात बॅटरी काढायला सांगितली आहे, पण भोकं पहिल्या मुद्द्यात आहेत! क्रम तरी नीट लावायचा.

बरं, कव्हर वेगळं काढून भोकं पाडली तर? तेव्हा आग नाही लागणार, पण फायदाही नाही होणार, उलट नुकसान होण्याचीच शक्यता जास्त. हवा खालच्या जाळीतून आत येते, पंखा तिला ओढतो अन् मागच्या किंवा बाजूच्या फिन्समधून (धातूच्या पातळ पट्ट्यांच्या जाळीतून) बाहेर फेकतो. जाळी मोजक्याच जागी असते, बाकी कव्हर बंद असते, कुठं कुठं आतून फोमच्या पट्ट्या लावलेल्या असतात. कंपनीला प्लास्टिक वाचवायचं होतं म्हणून नाही. हवा पंख्याकडं जाता जाता रॅमवरून, एसएसडीवरून, पॉवरच्या पार्ट्सवरून जावी म्हणून. तुम्ही कुठंही ४० भोकं पाडली की हवा जवळचा रस्ता धरते, त्या पार्ट्सना हवा लागतच नाही, अन् भोकं जर फिन्सच्या जवळ आली तर बाहेर फेकलेली गरम हवाच परत आत. वरून नागपूरची धूळ. आमच्याकडे सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटानं नाव लिहिता येतं.

एक मान्य करतो, मनातून नाही पण करतो. काही लॅपटॉपमध्ये पंख्याच्या नेमक्या खाली कव्हर बरंच बंद असते, तिथं जाळी मोकळी केली तर फरक पडतो. पण ते तपासायला ड्रिल लागत नाही. पाण्याच्या बाटलीची दोन झाकणं लॅपटॉपच्या मागच्या पायांखाली ठेवा अन् तोच गेम तेवढाच वेळ चालवा. तापमान चार-पाच डिग्री खाली आलं तर हवा कमी पडत होती. मग झाकणंच राहू द्या ना तिथं, फुकटची आहेत.

नाण्यांचा मुद्दा वाचून मी खरंच हसलो. मेसेजात लिहिलंय "धातू उष्णता शोषून घेतो". पहिली गोष्ट, आपला रुपया तांब्याचा नाही, स्टेनलेस स्टीलचा आहे. खिशातून काढा अन् चुंबक लावा, चिकटते. हे स्टील उष्णता वाहून न्यायला तांब्याच्या पंधरा-सोळा पट कमी. दुसरी गोष्ट, शोषून शोषून किती शोषणार? नाणं तीन-चार ग्रॅमचं, दहा ठेवली तर फार तर चाळीस ग्रॅम. लॅपटॉप गेममध्ये ६० वॅट जरी उष्णता काढत असेल तर एवढं स्टील दहा डिग्री तापायला तीन सेकंद लागतात. तीन. त्याच्यानंतर ती नाणी पण तेवढीच गरम, अन् वर बंद कव्हर. उष्णता बाहेर न्यायचं काम पाइपचं आहे, त्याच्या आत थोडंसं पाणी असते, गरम टोकाला त्याची वाफ होते अन् फिन्सकडच्या टोकाला परत पाणी होते, हे चक्र सुरूच असते. त्याच्यावर चिल्लर ठेवून काय होणार? बॅगेत टाकून कॉलेजला नेला की एखादं नाणं घसरून मदरबोर्डवर जाणार, दुसरं काय.

टूथपेस्टचं प्रकरण जरा फसवं आहे, म्हणून लोक फसतात. चिप अन् तांब्याची प्लेट दोन्ही डोळ्याला गुळगुळीत दिसतात पण मध्ये बारीक बारीक फटी असतात अन् त्यात हवा. हवेतून उष्णता जवळजवळ जातच नाही. म्हणून तिथं पेस्ट लावायची, फटी भरायला. आता टूथपेस्टमध्ये पाणी असते, तेही फटी भरते, म्हणून पहिल्या दिवशी तापमान खरंच चांगलं दिसते! व्हिडिओत दाखवलेला आकडा कदाचित खोटा नसेलही. पण तो पहिल्या दहा मिनिटांचा आकडा आहे. ८०-९० डिग्रीवर त्यातलं पाणी उडून जाते, मागे राहतो खडूसारखा चुना, त्याला भेगा पडतात, अन् भेगांत परत हवा. म्हणजे आधीपेक्षा वाईट. बर्डीच्या बाजारात चार-पाचशे रुपयांत बरी थर्मल पेस्ट मिळते, अन् ती दोन-तीन वेळा पुरते. ज्या लॅपटॉपला साठ-सत्तर हजार मोजले त्याच्यात पाचशे वाचवायला दात घासायची पेस्ट? (अन् कोणी पेस्टऐवजी लिक्विड मेटल, म्हणजे पातळ धातू, सुचवलं तर त्यालाही थांबवा. त्यात गॅलियम असते, वीज वाहते, अॅल्युमिनियमला लागलं की ते ठिसूळ करून टाकते. पहिल्यांदा लॅपटॉप उघडणाऱ्यासाठी ती वस्तू नाहीच.)

बॅटरी काढून चालवायचं म्हणाल तर आपल्याकडे मे महिन्यात संध्याकाळी वादळ येते, लाइट जाते, अन् तुमचा प्रोजेक्ट पण त्याच्यासोबत जाते. शिवाय बरेच गेमिंग लॅपटॉप जोरात चालताना अडॅप्टर कमी पडला की बॅटरीतून थोडी पॉवर उचलतात, बॅटरीच नसली की काही मॉडेल स्वतःहून वेग पाडतात. उष्णतेनं बॅटरी खराब होते हे खरं आहे, पण त्याला बऱ्याच कंपन्यांच्या अॅपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती लावा.

बर्फ तर अजिबात नको. फ्रिजचं पाणी ग्लासात घेतलं की बाहेरून ग्लासाला घाम येतो ना, तेच तुमच्या लॅपटॉपच्या खाली होणार, अन् खोलीत कूलर सुरू असेल तर हवेत ओल जास्त, म्हणून घामही जास्त. कूलरचं मात्र वेगळं आहे, इथं मेसेजवाला अर्धा बरोबर आहे. पंखा चिपला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही, खोली दहा डिग्री गरम तर चिप पण साधारण दहा डिग्री गरम. भाच्याची खोली दुपारी ४० ला टेकते, कूलर लावला की ३० वर येते, एवढा फायदा कुठल्याच जुगाडात नाही. अन् कूलरच्या दमट हवेची भीती बाळगू नका, चालू लॅपटॉप हवेपेक्षा गरम असतो, गरम वस्तूवर दव धरत नाही. पण कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका, जाळीतून बारीक तुषार उडतात, अन् बोअरच्या पाण्याचा पांढरा थर कूलरच्या पॅडवर बसतो तोच मग मदरबोर्डवर बसेल. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसा, खिडकी थोडी उघडी ठेवा. जुलैत याचा उपयोग नाही हे वेगळं सांगायला नको. अन् हो, ज्याचा हा व्हिडिओ आहे त्याच्या अंगात फुल बाह्यांची हुडी आहे. आम्ही इथं बनियनवर बसून पाहून राहिलो.

९९ टक्क्यांची सेटिंग काम करते, मान्य. टर्बो बंद होतो, प्रोसेसर २ गिगाहर्ट्झच्या आसपास येतो, तापमान धाडकन खाली. पण मग "दुप्पट फास्ट" म्हणता ते काय, हे तर अर्धं झालं! ज्या गेममध्ये सगळा भार ग्राफिक्सवर असतो तिथं फार फरक जाणवत नाही, म्हणून उन्हाळ्यात मीही कधी कधी लावतो. खरा चांगला उपाय होता चिपचं व्होल्टेज कमी करणं, पण २०१९ मध्ये इंटेलच्या चिपमधली प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेची खोट उघडकीला आली तेव्हापासून बऱ्याच कंपन्यांनी बायोसमधून (लॅपटॉपच्या मुळातल्या सेटिंगमधून) ते कुलूपबंद केलं. भाच्याच्यातही ते बंदच आहे, मी तपासलं.

मग झालं काय होतं त्याच्या लॅपटॉपला? संध्याकाळी ऊन उतरल्यावर गेलो, लॅपटॉप बंद केला, कव्हर काढलं, सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर सोडवलं. पंखा अन् फिन्स यांच्या मधोमध राखाडी गादी. धूळ, केस, अन् पलंगावरच्या चादरीचे धागे, कारण साहेब गेम पलंगावर खेळतात. हवा जाणार कुठून? ती गादी चिमट्यानं अख्खी निघाली, पापडासारखी. पंख्याची पाती बोटानं धरून ब्लोअर मारला (पाती मोकळी सोडून मारू नका, बेअरिंग जाते), जुनी पेस्ट स्पिरिटनं पुसली, नवी लावली, दीड तास गेला त्यातला अर्धा तास एक स्क्रू शोधण्यात. आधी ९७ डिग्रीवर वेग २.४ च्या आसपास पडत होता, आता तोच गेम ८७ वर चालतो अन् वेग ३.५ च्या खाली येत नाही. ३० डिग्री नाही, १० डिग्री. पण अडकत नाही.

कव्हर परत लावताना दिसलं की एका कोपऱ्यात एक भोक आधीच आहे. मला फोन करायच्या आधी शेजाऱ्याकडच्या छोट्या बिटनं ट्रायल घेतली होती म्हणे, नशीब तेव्हा कव्हर वेगळं काढलेलं होतं. सध्या त्याच्यावर काळी इन्सुलेशन टेप आहे, अन् ताईला अजून माहीत नाही.