पोरांनी आधी आपल्यालाच विचारलं होतं

गेल्या दोन महिन्यांत एकच मेसेज मला सात-आठ जणांनी पाठवला. भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला, सोयऱ्यांच्या ग्रुपवर आला, कृषी केंद्रवाल्यानंही पाठवला. मजकूर थोडक्यात असा: आजची तरुण पिढी धर्म सोडून चालली आहे. आईबापांनी संस्कार दिले नाहीत, कॉलेजात नास्तिकपणा शिकवतात, मोबाइलनं डोकी फिरवली, पोरांना बंधनं नकोत नि मौज हवी, आणि कोणीतरी आमिष दाखवून त्यांना फितवतं. शेवटी दिलासा दिला आहे की ठेच लागली म्हणजे सगळे परत येतील.

मी देव मानणारा माणूस आहे. तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेला लहानपणापासून बसतो, तीस वर्षं खंजेरी वाजवतो, पुण्यतिथीला मोझरीला जातो. माझ्याच घरातल्या मुलीनं आणि माझ्याच गल्लीतल्या एका मुलानं देव सोडला. म्हणून हा मेसेज मला मुकाट्यानं पुढे पाठवता येत नाही. त्यातलं जवळजवळ प्रत्येक कारण या दोघांच्या बाबतीत खोटं आहे.

आधी "सगळी पिढी चालली" हे. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकेतल्या पाहणी करणाऱ्या संस्थेनं 2019-20 मध्ये भारतात सुमारे 30,000 प्रौढांना विचारलं होतं. त्यात 97 टक्के लोकांनी देव मानतो असं सांगितलं. धर्म बदललेले तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. 2011 च्या जनगणनेत ज्यांचा धर्म नोंदलाच नाही असे देशभरात 29 लाखांच्या आत होते, म्हणजे चारशे माणसांत एक. पिढीच्या पिढी चालली म्हणावं असं काही घडलेलं नाही. पण या आकड्यांत आमची ही दोन पोरं कुठे बसतात, ते मला माहीत आहे. ती सोडून गेलेल्यांत नाहीत. त्यांच्या टीसीवर धर्म आणि जात पहिल्यासारखीच आहे. माय रडेल म्हणून ती सणाला घरी असतात, लागेल ती मदतही करतात. आतून मात्र उठून गेली आहेत. आपल्याकडचं सोडणं असं असतं, आणि ते मोजणाऱ्याला दिसत नाही.

"संस्कार दिले नाहीत."

गल्लीतल्या त्या मुलाचं सांगतो. त्याचा बाप आमच्या मंडळात हार्मोनियमवर. सहा वर्षांचा असल्यापासून हे पोरगं बापाच्या मांडीला मांडी लावून प्रार्थनेला बसायचं. त्याला जेवढी भजनं पाठ होती तेवढी आजही मला नाहीत.

2017 ला बोंडअळीनं आमच्याकडचा कापूस खाल्ला. बोंड हातात घेऊन फोडलं की आत गुलाबी अळी आणि काळी पडलेली कवडी. त्याच्या बापाची साडेचार एकर अशीच गेली. डोक्यावर बँकेचं होतं, सावकाराचंही होतं. जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, त्यानं आपलं आयुष्य संपवलं. मुलगा तेव्हा बारावीत होता.

तेरवीच्या आदल्या दिवशी पंचांग पाहणारे एक महाराज आले. गावातली मोठी माणसं बसली होती, मीही होतो. महाराज म्हणाले, हा अकाली मृत्यू आहे, याला गती नाही. नारायण नागबळी करावा लागेल, नाहीतर हा घराभोवती भटकेल आणि पुढच्या पिढीला भोगावं लागेल. हा विधी त्र्यंबकेश्वरला तीन दिवस चालतो. आमच्या गावाहून ते पाचशेच्या वर किलोमीटर. जाणं-येणं, राहणं, दक्षिणा, तिघाचौघांचं जेवण. त्या घरात त्या दिवशी ज्वारीचं एक पोतं आणि सोसायटीची नोटीस होती. शेतकरी आत्महत्येचं प्रकरण समितीनं पात्र ठरवलं तर सरकार एक लाख रुपये देतं, त्यातले 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत. ते प्रकरण पात्र होईल की अपात्र हेही ठरायचं होतं. आणि बैठकीत कोणीतरी म्हणालं, मदत येईल ना, त्यातून करून घेऊ.

पोरगं कोपऱ्यात बसलं होतं, मुंडन केलेलं. ते माझ्याजवळ सरकलं आणि हळूच म्हणालं, "काकाजी, मले एकच सांगा. आम्ही हे नाही केलं तं बाबा खरंच भटकत राहतीन का? बाबांनं काय पाप केलं?"

मी काय केलं? त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणालो, मोठे सांगतात तसं करावं बाबू.

त्याला संस्कार कमी पडले असं मला कोणी सांगू नये. संस्कार होते म्हणूनच तो प्रश्न पडला. देव दयाळू आहे हे त्याला आम्हीच दहा वर्षं गाऊन शिकवलं होतं, आणि त्यानं ते खरं मानलं होतं. मग कर्जानं मेलेल्या माणसाला हाच देव दारोदार भटकवतो, हे त्याला जुळवता येईना. ज्याला भजन नुसतं चाल म्हणून पाठ असतं त्याला असं काही खटकत नाही. मंडळातल्या जुन्या माणसांनी एकदा आठवून पाहावं, आपल्या गावात देवापासून दूर गेलेली पोरं कोणाच्या घरची आहेत. मी पाहिलं. बहुतेक घरं माळकऱ्यांची, भजन्यांची, पारायणं करणाऱ्यांची निघाली.

"कॉलेजात नास्तिकपणा शिकवतात."

तालुक्याच्या कॉलेजात जाऊन यावं. तिथे गणपती बसतो, शारदा बसते, परीक्षेच्या आधी नारळ फुटतो. बीएस्सीच्या पोरांना सूक्ष्मजीव शिकवतात, देवावर तिथे एक तासही होत नाही. शिक्षणानं एक गोष्ट मात्र होते, ती मी नाकारत नाही. "काहून", म्हणजे "का", असं विचारायची सवय लागते. ती सवय घेऊन पोरं घरी येतात आणि घरात उत्तर नसतं.

माझी मुलगी बारावीपर्यंत मुलींसाठीच्या मानव विकास योजनेच्या निळ्या बसनं शाळेत गेली, मग नर्सिंगला लागली. दुसऱ्या वर्षी महालक्ष्म्यांना घरी आली. आमच्याकडे महालक्ष्म्या म्हणजे घरातला वर्षाचा सर्वांत मोठा दिवस. सोळा भाज्या, आंबील, कढी, पुरणपोळ्या. आदल्या रात्री दीडपर्यंत ती आणि तिची माय भाज्या निवडत, चिरत बसल्या. पहाटे ती बाहेरची झाली, म्हणजे पाळी आली. तिला सपरीत, म्हणजे बाहेरच्या ओसरीत, बसवलं. आत आरती झाली, सवाष्णी जेवल्या, आणि तिचं ताट उंबऱ्यावरून सरकवलं. मीच सरकवलं.

ती म्हणाली, "बाबा, रातभर म्याच भाज्या चिरल्या ना. तवा हात चालले देवीले. सकाळी काय बदललं?"

मी म्हणालो, आजीपासून चालत आलं आहे.

ती रागावली नाही. हॉस्पिटलात रोज बाळंतिणींचं करते, तिला या गोष्टीत न समजण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. तिनं ताट घेतलं, जेवली, आणि त्या वर्षानंतर महालक्ष्म्यांच्या पाया पडली नाही. अजूनही सणाला येते. मायला मदत करते. पाया पडायची वेळ आली की बाहेर जाऊन बसते, आता स्वतःहून.

मला पुढे कळलं ते फार लागलं. आमच्या अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे, महानुभावांची काशी म्हणतात ते. महानुभाव पंथाच्या चक्रधर स्वामींनी साडेसातशे वर्षांपूर्वी बायकांचा विटाळ मानायला नकार दिला होता. शरीराला नऊ द्वारं आहेत, इतर द्वारांतून मळ जातो तसंच हेही, असं त्यांचं साधं म्हणणं. आणि त्यांच्याभोवती महदाइसेसारखी बाई होती, जी सारखी प्रश्न विचारायची, आणि स्वामी तिला उत्तरं द्यायचे. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून आपण आज तिचंच नाव घेतो. माझ्या मुलीचा प्रश्न बाहेरच्या कोणी तिच्या डोक्यात घातलेला नव्हता. तो याच मातीतला, धर्माच्या आतलाच होता, आणि त्याचं उत्तरही आमच्या घरापासून दोन तासांवर होतं. मला ते माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यावं असं वाटलंही नव्हतं. त्या दिवशी सपरीत बसून मी तिला एवढंच सांगितलं असतं तर ती आज कुठे असती, हे मला सांगता येत नाही. पण मी बोललो नाही, हे खरं आहे.

मोबाइलचं फार लांबवत नाही. मोबाइलवर नास्तिकपणापेक्षा धर्मच शंभर पटीनं जास्त येतो: आरत्या, प्रवचनं, व्रतांची यादी, आणि हा मेसेजही. गाडगेबाबा 1956 ला गेले. त्यांच्याकडे मोबाइल नव्हता, अक्षरओळखही जेमतेम. तरी त्यांचं कीर्तन म्हणजे सारे प्रश्नच असायचे. कर्ज काढून तीर्थाला काहून जाता, बकरं कापल्यानं देव कसा पावतो, पोराला शाळेत काहून घालत नाही. समोरचे हजारो लोक उत्तर द्यायचे. याच वऱ्हाडात लोकांनी त्यांना संत म्हटलं. तेच प्रश्न आज वीस वर्षांच्या पोरानं विचारले की आपण म्हणतो, मोबाइलनं बिघडला.

"बंधन नको, मौज हवी."

मौज हवी असेल तर धर्म कशाला सोडायचा? गावातली सगळी मौज धर्मातच आहे. पोळा, गणपती, दुर्गादेवी, जत्रा, डीजे, भंडारा. सोडणाऱ्याला त्यातून उठावं लागतं. गल्लीतल्या त्या मुलाला दोन स्थळांनी नकार दिला, का तर मुलगा देव मानत नाही. त्याचे मित्र दहा दिवस गणपतीच्या मांडवात असतात तेव्हा हा एकटा घरी असतो. असलं एकटेपण कोणी मौज म्हणून पत्करत नाही.

आमिषाचा मुद्दा मात्र मला थांबून लिहावासा वाटतो, कारण आम्ही नागपूरच्या सावलीत राहतो. धर्म सोडण्याची या देशातली सर्वांत मोठी गोष्ट आमच्याच भागात घडली. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्याला बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं की हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही. दीक्षा घेतली 14 ऑक्टोबर 1956 ला, नागपूरला. दोन दिवसांनी चंद्रपूरला. मधली एकवीस वर्षं वाचण्यात, धर्म ताडून पाहण्यात गेली. त्यांच्यासोबत लाखो लोक आले. त्यांना काय मिळालं? राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या केंद्राच्या सवलती बौद्धांना नव्हत्या. त्या मिळायला 1990 उजाडलं. म्हणजे चौतीस वर्षं हक्काचं गमावून ती माणसं आपल्या निर्णयावर उभी राहिली. आणि बावीस प्रतिज्ञांत दारू पिणार नाही, चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, हेही आहे. बंधन नको म्हणून गेलेली माणसं स्वतःला अशी बांधून घेत नाहीत.

त्यांना कोणी फितवलं नाही. त्यांना विहिरीवरून, देवळाच्या पायरीवरून, पंगतीतून उठवलं गेलं. आणि तो उठवण्याचा प्रकार संपला असं म्हणायची माझी हिंमत होत नाही. चार-पाच वर्षांपूर्वी आमच्याच एका भंडाऱ्यात गल्लीतला तो मुलगा आपल्या बौद्ध मित्राला घेऊन आला. कोणी शिवी दिली नाही, कोणी हाकललं नाही. फक्त वाढणाऱ्यानं त्या मित्राला विचारलं, "तुम्ही घेऊन जाता का बांधून?" मित्र हसला आणि निघून गेला. हा त्याच्या मागे गेला. त्याची अर्धी जेवलेली पत्रावळ तिथेच राहिली. ती मी उचलली.

राहिलं शेवटचं, "ठेच लागली की परत येतील." ठेच लागूनच तर हा गेला. बाप जाण्यापेक्षा मोठी ठेच कोणती असते? काही परत येतात, तेही मी पाहिलं आहे. लग्न झालं, पोरं झाली, की सासूबाईंसाठी, शांततेसाठी येतात. पण त्याला यायचं झालंच तर आधी त्याचा प्रश्न कोणीतरी घ्यायला हवा, आणि तो प्रश्न सात वर्षं माझ्याकडे पडून होता.

नागबळी तेव्हा झाला नाही. मदतीचं प्रकरण पात्र ठरलं, 30 हजार आले ते सावकाराकडे गेले. मुलगा आता यवतमाळला एका दुकानात हिशेब पाहतो, मायला दर महिन्याला पैसे देतो, दर जानेवारीला बापाच्या नावानं जिल्हा परिषदेच्या शाळेत वह्या वाटतो. माय त्या दिवशी घरी दिवा लावते. दोघं एकमेकांना काही म्हणत नाहीत.

या जानेवारीत मी त्याच्या घरी गेलो. वह्यांचे गठ्ठे सपरीत मोजून ठेवलेले होते. मी खाली बसलो आणि त्याला म्हणालो, बाबू, तू मला तेरवीच्या आदल्या दिवशी एक विचारलं होतंस. तुझा बाप कुठेच भटकत नाही. त्यानं काही पाप केलं नव्हतं. हे मला त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलायचं होतं.

तो बराच वेळ वह्या मोजत राहिला. मग म्हणाला, "मायले सांगा जी हे. ते अजून भेते."

मी आत गेलो आणि वहिनींना सांगितलं.