वेळ उरल्यास विमान

गाडी ठरवल्याची पावती अजून खिशात आहे. 'स्थळे' या रकान्यात निळ्या बॉलपेनानं लिहिलंय: मंगेशी, शांतादुर्गा, जुनं गोवं, मिरामार, दोना पावला, खरेदी. आणि अगदी तळाशी, कागद संपत आला म्हणून बारीक अक्षरात, 'वेळ उरल्यास विमान'.

ज्याच्यासाठी सतरा सीटर ठरवायला गेलो तेच तळाला. खरेदीच्याही खाली.

मामला साधा होता. सांगलीहून एका दिवसात गोवा, तेही बोगमाळोचं नेव्हल एव्हिएशन म्युझियम, म्हणजे नौदलाच्या विमानांचं संग्रहालय, मध्यभागी ठेवून. १९९८ साली सुरू झालेलं, वास्कोपासून पाचसहा किलोमीटरवर, दाबोळी विमानतळाला चिकटून. हे सगळं मी गाडीवाल्याला नीट सांगितलं. स्टँडजवळच्या भडंगाच्या दुकानावर, माडीवर त्याचं ऑफिस. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं,

"ती विमानं उडत्यात का?"

"नाही. निवृत्त झालीत."

"रिटायर." मान हलली. "मग आत बसू देत्यात?"

"बाहेरून बघायची."

"म्हंजे उडत न्हाईत, बसू देत न्हाईत." त्यानं पेनाला टोपण लावलं. "साहेब, असल्या तीन गाड्या माझ्या घरामागं हुभ्या हायत. फुकट दावतो, चला."

मी हटलो नाही. म्हटलं, तिथं सुपर कॉन्स्टेलेशन आहे. चार इंजिनं, तीन शेपट्या. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं मुंबईहून लंडनला पहिलं विमान गेलं, ते याच घराण्यातलं थोरलं भावंड.

"तीन शेपट्या कशाला?" पहिल्यांदाच माणूस पुढं सरकला.

"एकच ठेवली असती तर फार उंच झाली असती, हँगरमध्ये शिरली नसती. म्हणून ती उंची तिघींत वाटून दिली."

बराच वेळ तो पंख्याकडं बघत राहिला. "डोकं हाय. आमच्या बॉडीवाल्याला सांगाय पायजे. वर कॅरियर लावला की गाडी शेडच्या पत्र्याला घासतीया." मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात तो म्हणाला, "पण मग असं करू की. पत्रादेवी ओलांडली की मोपा वाटंतच हाय. नवं विमानतळ. तिथं कुंपणाबाहेर पाच मिनटं थांबवतो. उडणारी दिसतील, तिकीट न्हाई. तुमचं काम बी झालं आणि दाबोळीपर्यंतचं डिझेल बी वाचलं."

२०२३ मध्ये मोपा सुरू झाल्यापासून हा घोटाळा खरोखर होतो, म्हणून सांगून ठेवतो: ड्रायव्हरला 'विमानतळ' एवढंच सांगू नका, 'दाबोळी, बोगमाळो' असं सांगा. मोपा उत्तर टोकाला पेडण्यात, दाबोळी झुआरी पुलाच्या पलीकडं.

"आणि सोमवारी जावा," तो म्हणाला. "सोमवारी गाडी हजारानं कमी."

सोमवारी म्युझियम बंद असतं. इतर दिवशी दहा ते पाच. शुक्रवारी जुन्या गोव्यातलं पुरातत्त्व खात्याचं वस्तुसंग्रहालय बंद. रविवारी बाँ जेझूच्या चर्चमध्ये सकाळी प्रार्थना, त्यामुळं बघ्यांना उशिरा सोडतात. म्हणजे उरले मंगळवार, बुधवार, गुरुवार, शनिवार. हे त्याला सांगितल्यावर तो म्हणाला, "शनवारी गाडी न्हाई."

आता हिशेब. बाहेरगावची गाडी रात्री बारा ते बारा अशी मोजतात. साडेअकराला निघालात किंवा साडेबाराला परतलात तर दुसऱ्या दिवसाचं भाडं आणि भत्ता बसतो. म्हणून पहाटे साडेतीनला निघायचं. कोल्हापूर, गडहिंग्लज, आंबोली, सावंतवाडी, बांदा, पणजी, मग दाबोळी. पावणेतीनशेच्या आसपास किलोमीटर, चहाचा एक थांबा धरून सहा-साडेसहा तास. गोव्यात शिरायचा परवाना-कर कोण भरणार ते पावतीवर लिहून घ्या, नाहीतर हद्दीवर ड्रायव्हर तुमच्याकडं बघतो आणि तुम्ही ड्रायव्हरकडं. पावसाळ्यात घाट चालू आहे का, हे आदल्या रात्री विचारा. आंबोलीत पहाटे धुकं पडलं की अर्धा तास गेलाच. आणि येता-जाता साडेपाचशे किलोमीटर एकाच ड्रायव्हरकडून ओढून घेऊ नका. दुसरा ड्रायव्हर मागा. भत्ता वाढतो, वाढू द्या.

दहाला दार उघडतं तेव्हा दारात असावं, कारण विमानं उघड्यावर आहेत आणि अकरानंतर पत्रा असा तापतो की पोरं हात लावून शहाणी होतात. टोपी हवी, पाणी हवं. आधी बाहेरचं आवार, मग सावलीतली दालनं. बहुतेक जण उलटं करतात आणि भर बारा वाजता सी हॅरियर या लढाऊ विमानासमोर डोळे किलकिले करून फोटो काढतात. त्या सी हॅरियरच्या पोटाशी चार नळकांडी आहेत, ती नीट बघा: इंजिनाचा झोत त्यातून खाली वळवला की विमान उभ्याउभ्या उतरतं. २०१६ मध्ये ती सेवेतून गेली. आलिझे विमानाचे पंख दुमडतात, खुराड्यात शिरणाऱ्या कोंबडीसारखे, कारण विमानवाहू जहाज विक्रांतच्या पोटात जागा मोजकीच. शेपटीखालचा आकडा, म्हणजे हुक, शोधा. डेकवर आडव्या ताणलेल्या तारेला तो अडकला तरच विमान थांबायचं. ७१ च्या युद्धात याच विक्रांतवरून सी हॉक ही लढाऊ विमानं उडाली ती चितगाव आणि कॉक्स बाजारवर. कामोव हेलिकॉप्टरला एकाच दांड्यावर दोन पंखे, उलटसुलट फिरणारे, म्हणून शेपटीचा पंखा लागत नाही. समुद्राची खारी हवा रंग आणि पत्रा दोन्ही खाते. एखादं विमान पोपडे धरलेलं दिसलं तर 'कसली ही देखभाल' म्हणायच्या आधी आपल्या गच्चीवरची टाकी आठवावी. धावपट्टीच्या बाजूला कॅमेरा रोखू नका, तो नौदलाचा तळ आहे.

दोन-अडीच तास लागतात. माणसं पाऊण तासात बाहेर येतात, ती गोष्ट वेगळी.

जेवण बोगमाळोच्या किनाऱ्यावर, पाच मिनिटांवर. पाण्यात उतरू नका, किंवा उतरलात तर कपडे बदला. पुढं मंगेशी आहे, तिथं ओली हाफ पँट चालत नाही आणि पुजाऱ्याशी वाद घालण्यात वीस मिनिटं जातात. पावणेतीनला मंगेशी, पावणेचारला जुनं गोवं, साडेचारला गाडी वळवायची. शांतादुर्गा, मिरामार, दोना पावला, खरेदी यांना जागा नाही. अजिबात नाही. परतताना इन्सुलीच्या दारूतपासणी नाक्यावर मागचा दरवाजा उघडायला लावतात. कोणाच्या पिशवीत काय खणखणतंय ते आधीच विचारून घ्या.

हे सगळं मी त्याला सांगितलं. त्याचं म्हणणं, "तीनच पॉइंट? पार्टी शिव्या घालंल साहेब. माणशी भाडं किती आणि पॉइंट किती, लोक भागाकार करत्यात." आणि खरंच करतात, याचाच मला राग आहे. सात पॉइंट, प्रत्येकी वीस मिनिटं, त्यातली आठ चपला शोधण्यात. पोरांना विमानाचा पंख कसा दुमडतो हे सांगायला कुणाला वेळ नसतो, पण काजूच्या दुकानात पाऊण तास असतो. त्यात आपण सांगलीची माणसं. कवलापूरच्या धावपट्टीवर आमच्या आज्यापासून विमान येणार आहे. निवडणूक आली की येतं, मतमोजणीला जातं. ज्या गावाला विमान फक्त बातमीत दिसतं, त्या गावानं तरी एखादं उभं असलेलं विमान दोन तास बघावं की नाही?

"कवलापूरला न्हेऊ का?" तो म्हणाला. "लोकलचं भाडं लावतो."

शेवटी घासाघीस होऊन शनिवार मिळाला, हजार जास्त देऊन. मी पावती पुढं सरकवली आणि म्हटलं, ते 'वेळ उरल्यास' खोडा. त्यानं खोडलं. बाकीचे पॉइंट मात्र तसेच ठेवले, 'असू द्यात, नुसतं लिवलंय.' मग 'विमान' या शब्दापुढं '२ तास' लिहिलं, थोडा विचार केला, आणि कंसात भर घातली: 'पार्टीच्या जबाबदारीवर'.