रेघा जुन्या, निकाल ताजे

‘आफ्रिकेच्या सीमा युरोपने आखल्या हे खरं, पण गोरे जाऊन साठ वर्षं झाली. आता त्या रेघांचा काय संबंध? हे लोक मुळातच भांडखोर!’ अशा थाटाचा एक लांबलचक मेसेज फिरतोय. एरवी दुर्लक्ष केलं असतं. पण स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या माझ्या भाच्याने तो निबंधाचे मुद्दे म्हणून वहीत उतरवून घेतलाय, म्हणून लिहावं लागतंय.

सगळ्यात बिनबुडाचा मुद्दा आधी घेऊ: ‘रेघांचा परिणाम कधीच संपला.’ नायजेरिया आणि कॅमेरून यांच्या मधे, गिनीच्या आखातात बाकासी नावाचं द्वीपकल्प आहे. खारफुटी, खाड्या आणि मासेमारी. वस्ती बहुतेक एफिक बोलणाऱ्या, स्वतःला नायजेरियन म्हणवणाऱ्या कोळ्यांची. दोन्ही देशांच्या सैन्यात तिथे चकमकी झाल्या आणि १९९४ मध्ये कॅमेरूनने हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय गाठलं. निकाल १० ऑक्टोबर २००२ चा: बाकासी कॅमेरूनचं. आधार कोणता? ब्रिटन आणि जर्मनीने ११ मार्च १९१३ रोजी लंडनमध्ये केलेला करार! तेव्हा नायजेरिया ब्रिटिशांची आणि कॅमेरून जर्मनांची वसाहत होती.

नायजेरियाचं म्हणणं साधं होतं. त्या भागातल्या ओल्ड कॅलाबारच्या राजांनी आणि सरदारांनी १८८४ मध्ये ब्रिटिशांचं संरक्षण घेतलं, जमीन त्यांच्या नावावर केली नव्हती. मग जे ब्रिटनचं नव्हतंच ते ब्रिटनने जर्मनीला दिलं कसं? न्यायालयाने हे मानलं नाही. राखणीला ठेवलेल्या माणसाने वाडी विकावी आणि ८९ वर्षांनी कोर्टाने ते खरेदीखत वैध ठरवावं, तसला प्रकार. शेवटचं हस्तांतर १४ ऑगस्ट २००८ ला झालं, तेही बाकासीत नाही. सुरक्षेच्या कारणाने समारंभ नायजेरियातल्या कॅलाबार शहरात उरकला. कोळ्यांचं सार्वमत वगैरे कुणी घेतलं नाही. हजारो लोक चंबूगबाळं आवरून नायजेरियात गेले, मागे राहिले ते आपल्याच घरात परदेशी ठरले. आणि म्हणे परिणाम संपला!

‘त्यांनी स्वतःच सीमा बदलल्या नाहीत, म्हणजे मान्य होत्या.’ मान्य नव्हे, नाइलाज. १९६४ मध्ये कैरोत आफ्रिकन ऐक्य संघटनेने ठराव केला की स्वातंत्र्याच्या वेळी असलेल्या सीमाच पाळायच्या. एक रेघ हलवली तर बाकीच्याही हलतील आणि जो तो शेजाऱ्यावर दावा ठोकेल, ही धास्ती. सोमालिया आणि मोरोक्को तेव्हाही राजी नव्हते.

‘आधी तिथे राज्यंच नव्हती.’ बेनिन, असांते, बुगांडा, सोकोटोची खिलाफत. यांतल्या सोकोटोचे तर लचकेच तोडले, तिच्या आदामावा अमिरातीचा मोठा भाग जर्मन कॅमेरूनमध्ये गेला. यावर जास्त वेळ घालवत नाही.

मेसेजमधलं पुढचं: किलिमांजारो पर्वत इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाने ‘कैसर नातवाला’, म्हणजे जर्मन सम्राटाला, ‘भेट दिला’. ही तर निव्वळ लोणकढी. तिथली सीमा १८८६ च्या इंग्रज-जर्मन समझोत्यातली. नातू कैसर झाला १८८८ मध्ये.

एका ठिकाणी मात्र मेसेजवाल्याला अर्धे गुण द्यावे लागतात. ‘सोमाली लोक एका भाषेचे, एका धर्माचे, तरी देश मोडलाच ना?’ मोडला. १९९१ मध्ये सोमालियाचा हुकूमशहा सियाद बारे याची राजवट कोसळली, त्यात हुकूमशाही आणि टोळ्यांचं राजकारण होतंच. सगळं पाप रेघांच्या माथी मारता येत नाही. पण त्याच सोमालींची ब्रिटिश, इटालियन, फ्रेंच, इथिओपिया आणि केनिया अशी पाच ठिकाणी वाटणी झाली होती. झेंड्यावरच्या ताऱ्याला पाच टोकं आहेत ती त्यासाठीच. त्यातला इथिओपियाकडे गेलेला ओगादेन प्रदेश परत घ्यायला बारेने १९७७ मध्ये युद्ध छेडलं, हरला, आणि तिथून त्याची पकड सुटत गेली. हे अर्धं मेसेजमध्ये सोयीस्कर गाळलंय.

राहता राहिलं ‘नव्या सीमा आखल्या तरी भांडतातच.’ इरिट्रिया १९९३ मध्ये इथिओपियापासून वेगळा झाला आणि १९९८ ते २००० त्याच्याशीच लढला. हजारो सैनिक गेले. ठिणगी पडली बादमे नावाच्या एका गावावरून. सीमा नवी कुठली? इरिट्रिया ताब्यात असलेली इटली आणि इथिओपियाचा सम्राट मेनेलिक यांच्यातल्या १९००, १९०२ आणि १९०८ च्या करारांतलीच. सीमा आयोगाने २००२ मध्ये त्याच करारांवर निर्णय दिला आणि बादमे इरिट्रियाचं ठरवलं. इथिओपियाने तो निर्णय पूर्ण मानतो असं जाहीर करायला २०१८ साल उजाडलं.