उरलेला बर्फ हा आइसबॉक्सचा निकष नव्हे

पेये गार ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या आइसबॉक्सविषयी एक सल्ला वेगवेगळ्या रूपांत सतत पुढे पाठवला जातो. ‘बर्फ दुप्पट वेळ टिकवा’ अशा अर्थाचा मथळा त्याला असतो. मजकूर थोडक्यात असा: वितळलेले पाणी लगेच काढून टाकावे, कारण पाण्यामुळेच बर्फ वितळतो, बर्फावर मीठ टाकावे, म्हणजे तो जास्त टिकतो, झाकण शक्यतो उघडू नये, कारण एकदा उघडले की अर्ध्या तासाचा गारवा जातो, बाटल्या आधी गार करण्याची गरज नाही, ते बर्फाचेच काम आहे, बर्फ तळाशी आणि बाटल्या वर ठेवाव्यात, जमल्यास बर्फाऐवजी स्टीलचे ठोकळे वापरावेत, आणि लांबच्या प्रवासात ड्राय आइस टाकून झाकण चिकटपट्टीने हवाबंद करावे. यातील काही वाक्यांत सत्याचा अंश आहे, काही निव्वळ चुकीची आहेत आणि शेवटचे वाक्य धोकादायक आहे.

या साऱ्यांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. दिवसाच्या अखेरीस पेटीत बर्फ किती शिल्लक राहिला, यावरून पेटीने काम किती चांगले केले हे ठरते, असे हा सल्ला गृहीत धरतो. वस्तुतः बर्फ वितळतो म्हणूनच बाटल्या गार राहतात. शून्य अंशावरील एक किलो बर्फ वितळून शून्य अंशाचेच पाणी होताना सुमारे 334 किलोज्यूल उष्णता शोषून घेतो आणि तेवढ्या काळात त्याचे तापमान जरासुद्धा वाढत नाही. हाच तो अप्रकट उष्मा. स्कॉटिश शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी ग्लासगोमध्ये 1760च्या दशकात तो प्रथम नीट ओळखला. पुढे 1782–83च्या हिवाळ्यात लाव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी बर्फाचा उष्मामापी (उष्णता मोजण्याचे उपकरण) वापरला, तेव्हा एखाद्या वस्तूने किती उष्णता दिली हे त्यांनी वितळून बाहेर पडलेल्या पाण्याचे वजन करून ठरवले. म्हणजे वितळलेले पाणी हा झालेल्या कामाचा हिशोब आहे. उरलेल्या बर्फावरून आइसबॉक्सची पारख करणे म्हणजे उरलेल्या सरपणावरून स्वयंपाकाची पारख करण्यासारखे आहे.

आता पाण्याच्या मुद्द्याकडे वळू, कारण सल्ल्यातला सर्वांत जास्त पाळला जाणारा भाग तोच आहे. बर्फाला लागून असलेले पाणी शून्य अंशाच्या आसपासच असते आणि बर्फही शून्य अंशावर असतो. तापमानात फरक नसेल तर उष्णता एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही, त्यामुळे असे पाणी आपणहून बर्फ वितळवू शकत नाही. ते बर्फ वितळवते ते केवळ भिंतींकडून किंवा बाटल्यांकडून घेतलेली उष्णता बर्फापर्यंत पोहोचवून. आणि बाटल्यांची उष्णता बर्फापर्यंत पोहोचणे हेच तर आपल्याला हवे आहे. बर्फाचे तुकडे बाटलीला ठिकठिकाणी टेकतात आणि मधल्या फटींत हवा राहते. स्थिर हवेची उष्णतावाहकता पाण्याच्या जवळपास पंचविसाव्या हिश्शाइतकी असते. पाण्याने त्या फटी भरल्या की बाटलीचा सगळा पृष्ठभाग गारव्याच्या संपर्कात येतो. कोमट बाटली पाणी काढून टाकलेल्या बर्फात खोचण्यापेक्षा बर्फाच्या पाण्यात बुडवली तर कितीतरी लवकर गार होते, ते याच कारणाने. शिवाय काढून टाकलेल्या पाण्याबरोबर त्याचा उरलेला उपयोगही जातो: शून्यावरचे एक किलो पाणी 10 अंशांपर्यंत तापताना आणखी 42 किलोज्यूल शोषू शकते, आणि त्याची जागा घेते ती बाहेरची उष्ण हवा.

मात्र सल्ला देणाऱ्यांच्या बाजूने जे म्हणता येते तेही सांगायला हवे. पाणी काढत राहिलेल्या पेटीत बर्फ किंचित जास्त काळ शिल्लक राहणे शक्य आहे. पाणी आतल्या भिंतीला चिकटून असले की भिंत शून्याजवळ राहते; त्याऐवजी तिथे हवा असली तर भिंत काही अंश अधिक उष्ण राहते आणि बाहेरून आत येणारी उष्णता तेवढी कमी होते. पण तोच काही अंशांचा फरक बाटल्यांच्याही वाट्याला येतो. बर्फ जपला जातो आणि पेय कमी गार राहते, असा हा सौदा आहे.

माझ्या मते पाणी काढून टाकण्याची ही समजूत जुन्या काळच्या बर्फाच्या व्यापारातून झिरपत आली असावी, आणि त्या व्यापारात ती योग्यच होती. तिथे बर्फ हाच विकायचा माल होता. बर्फघरांना तळाशी निचऱ्याची सोय असे, कारण बर्फाभोवती भरलेला लाकडाचा भुसा किंवा पेंढा भिजला की त्याची उष्णता अडवण्याची क्षमता ढासळते. बर्फाचे अमेरिकन व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यांच्या व्यवसायातून 1833 मध्ये ‘टस्कनी’ या जहाजावर बोस्टनहून कोलकात्याला निघालेल्या सुमारे 180 टन बर्फापैकी चार महिन्यांच्या प्रवासानंतरही 100 टनांच्या आसपास बर्फ पोहोचला होता. ढीग जितका मोठा, तितका त्याच्या वजनाच्या मानाने पृष्ठभाग कमी, हे त्यामागचे एक मोठे कारण. आजच्या पेटीतही मोठी लादी चुऱ्यापेक्षा जास्त टिकते ती त्यामुळेच, आणि चुरा बाटल्या लवकर गार करतो तोही त्यामुळेच. आपल्या पेटीच्या भिंतीतला फोम प्लास्टिकच्या कवचात बंद असतो, तो भिजत नाही; आणि आपला माल बर्फ नसून पेय आहे.

मिठाविषयीचे विधान अर्धे खरे आहे आणि म्हणूनच अधिक फसवे आहे. मिठाने तापमान खरोखर शून्याखाली उतरते. मिठाच्या पाण्याचा गोठणबिंदू शुद्ध पाण्यापेक्षा कमी असतो: 10 टक्के मिठाचे पाणी सुमारे उणे 6.5 अंशांवर गोठते, आणि मिठाचे प्रमाण 23 टक्क्यांच्या थोडे वर गेले की गोठणबिंदू उणे 21 अंशांपर्यंत, म्हणजे या मिश्रणाच्या नीचांकापर्यंत, खाली जातो. पण हे तापमान उतरते कसे, हे सल्ल्यात सांगितलेले नसते. मीठ पडताच बर्फ वेगाने वितळू लागतो, आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता तो स्वतःकडून व भोवतालच्या पाण्याकडून घेतो. गारवा वाढतो तो बर्फ खर्च होऊनच. त्यात आणखी एक भर पडते. बाहेर 30 अंश आणि आत शून्य असेल तर भिंतीच्या दोन बाजूंत 30 अंशांचा फरक असतो. आत उणे 6.5 असेल तर तो 36.5 होतो, आणि आत शिरणारी उष्णता त्याच प्रमाणात, म्हणजे पाचव्या हिश्शाहून थोडी जास्त वाढते. बर्फ टिकवण्यासाठी मीठ टाकणे हा म्हणूनच उलटा उपाय आहे. घाईने काही बाटल्या गार करायच्या असतील तर मिठाचे पाणी उत्तम, पण त्यात बाटल्या विसरू नयेत. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढते, आणि काचेची बंद बाटली तेवढी जागा देऊ शकत नाही.

झाकणाचा मुद्दा मला सर्वांत रंजक वाटतो, कारण तो ऐकताक्षणी पटतो आणि आकडेमोड केली की कोसळतो. सुमारे 30 लिटर मावतील अशी, सर्व बाजूंनी 3 सेंटिमीटर जाड थर्मोकोल असलेली पेटी घेऊ. भिंतींचे क्षेत्रफळ आणि थर्मोकोलची वाहकता लक्षात घेता, आतबाहेर 30 अंशांचा फरक असताना तिच्यात दर सेकंदाला साधारण 30 ज्यूल, म्हणजे तासाला 108 किलोज्यूल उष्णता शिरते. एवढ्याने तासाला सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास बर्फ वितळतो. आता झाकण उघडले आणि आतली सगळीच्या सगळी गार हवा जाऊन बाहेरची दमट हवा आत आली असे मानू. ती 30 लिटर हवा गार करायला जेमतेम एक किलोज्यूल लागतो. तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होताना साधारण दीड किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. एकूण अडीच किलोज्यूल, म्हणजे सात-आठ ग्रॅम बर्फ. अर्ध्या तासाची गळती 54 किलोज्यूल असताना एकदा झाकण उघडण्याची किंमत दीड मिनिटाहून अधिक नाही. पेटी भरलेली असेल तर आत हवाच कमी असते, आणि गार हवा जड असल्याने वरून उघडणाऱ्या पेटीतून ती सगळी बाहेरही पडत नाही. झाकण उघडेच ठेवणे ही वेगळी गोष्ट. वरची उष्णतारोधक बाजूच नाहीशी झाल्यावर नुकसान व्हायचेच.

मग अर्धा तास खरोखर कशाने जातो? अर्ध्या लिटरची 30 अंशांवरची एक बाटली आत ठेवून ती 4 अंशांपर्यंत आणायला लागणारी उष्णता मोजली तर उत्तर येते 54 किलोज्यूल. झाकण उघडून बाटली काढणे जवळपास फुकट आहे आणि त्याच वेळी तिच्या जागी नवी कोमट बाटली ठेवणे अर्ध्या तासाएवढे महाग आहे. झाकणावर नजर ठेवायला सांगणारा हाच सल्ला बाटल्या आधी गार करू नका म्हणतो, हा त्यातला सर्वांत मोठा विरोधाभास. दहा लिटर पेये 30 अंशांवरून 4 अंशांवर आणण्यात सव्वातीन किलो बर्फ खर्ची पडतो. आपल्या उदाहरणातली पेटी तेवढ्या बर्फावर दहा तास भिंतींतून येणारी उष्णता झेलू शकली असती. बाटल्या आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवणे, आणि जमल्यास रिकामी पेटीही थोडा बर्फ टाकून आधी गार करून घेणे, याइतका परिणामकारक दुसरा उपाय मला माहीत नाही.

बर्फ तळाशी ठेवण्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. गार हवा खाली बसते, त्यामुळे कोरड्या पेटीत तळाच्या बर्फाचा वरच्या बाटल्यांना फारसा लाभ होत नाही. बाटल्या खाली, बर्फ त्यांच्या मध्ये आणि वर, हीच रचना योग्य. पाणी साचल्यावर तर बर्फ तरंगून वर येतोच. पाण्याच्या असंगत आचरणामुळे 4 अंशांचे पाणी सर्वांत जड असते व तळाशी जाते, पण 4 अंश हे बहुतेक पेयांसाठी पुरेसे गार तापमान आहे.

स्टीलचे ठोकळे पाणी करत नाहीत हे खरे, आणि नेमकी तीच त्यांची उणीव आहे. एक किलो भरीव स्टील उणे 18 अंशांवरून शून्यावर येताना सुमारे 9 किलोज्यूल उष्णता घेते. एक किलो बर्फ तेवढ्याच प्रवासात 38 आणि त्यानंतर वितळताना 334, म्हणजे एकूण 372 किलोज्यूल घेतो. वजनाला वजन धरले तर हा फरक चाळीसपट आहे. स्टील जड असल्यामुळे जागेच्या हिशोबाने पाहिले तर तो पाचपटीवर येतो. तरीही स्टीलच्या बाजूने पारडे झुकत नाही. पेल्यातले पेय पातळ होऊ नये एवढाच हेतू असेल तर असे ठोकळे वापरायला हरकत नाही, पण पेटी त्यांच्या भरवशावर ठेवू नये. ज्यांच्या आत पाणी किंवा जेल भरलेले असते अशा बंद पिशव्यांना आणि पोकळ ठोकळ्यांना ही टीका लागू नाही, कारण त्यांच्यातला मालही बर्फासारखाच वितळून उष्णता शोषतो.

राहिला ड्राय आइस, म्हणजे घनरूप कार्बन डायऑक्साइड. त्याची शक्ती मोठी आहे हे मान्य: उणे 78.5 अंशांवर त्याचे संप्लवन होते, म्हणजे तो न वितळता थेट वायू होतो, आणि त्या वायूने शून्य अंशापर्यंत तापताना घेतलेली उष्णताही धरली तर किलोमागे तो साध्या बर्फाच्या जवळपास दुप्पट उष्णता शोषतो. परंतु एक किलो ड्राय आइसपासून नेहमीच्या तापमानाला 500 लिटरहून अधिक वायू तयार होतो. झाकण चिकटपट्टीने हवाबंद केले तर त्या वायूला जायला वाट उरत नाही, दाब वाढत जातो आणि पेटी फुटू शकते. हाच प्रकार घट्ट बुचाच्या बाटलीत किंवा थर्मासमध्ये केला तर परिणाम अधिक भीषण होतो. वाट ठेवली तरी वायू कुठे साचतो याकडे लक्ष द्यावे लागते. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने काचा बंद केलेल्या गाडीत तो माणसे बसतात तिथेच साठतो, आणि डोकेदुखी, धाप, चक्कर यांपासून शुद्ध हरपण्यापर्यंत वेळ येऊ शकते. शिवाय त्याच्याशेजारची पेये गार न होता गोठतात. ज्याला तो वापरायचाच आहे त्याने झाकण सैल ठेवावे, गाडीच्या काचा उघड्या ठेवाव्यात, जाड हातमोजे घालूनच तो हाताळावा, बाटल्या आणि तो यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा जाड थर ठेवावा आणि त्याचा तुकडा कुणाच्याही पेल्यात टाकू नये.